गवत जागं करण्यास केलेल्या मनाईबाबत

प्रति,
मा. जिल्हाप्रमुख साहेब,
जिल्हा कचेरी, आखेनमार्क्ट, तिरोल
(डोंगर, पाणी व हिवाळी खेळ शाखा, दुसरा मजला)

अर्जदार : श्रीमती नोटबुर्गा क्विरिन श्वाइगर, धंदा गुरं व गवत, राहणार झऱ्याचं घर, मौजे हिंटरफेल्ड.

विषय : दि. २४ एप्रिल रोजी, जॉर्ज संताच्या दिवशी, स्वतःच्या कुरणात घंटा वाजवून गवत जागं करण्यास आपल्या कार्यालयाने केलेली मनाई मागे घेण्याबाबत. आणि मागे न घेतल्यास त्या दिवशी काय होईल, ते आधीच कळविण्याबाबत.

संदर्भ : १) आपली नोटीस, दि. ३ एप्रिल.
२) आपण स्वतः येऊन केलेली स्थळपाहणी, दि. ११ एप्रिल.
३) आपल्याच कार्यालयाचा एक जुना आदेश. तो आपण विसरला असाल. त्याचा उल्लेख पुढे कलम ९ मध्ये येईल.

महोदय,

१. अर्जदार सविनय सादर करते की, मौजे हिंटरफेल्ड येथील चर्चच्या मागून सुरू होऊन रोपवेच्या खालच्या ठाण्यापर्यंत उतरणारं कुरण अर्जदाराच्या मालकीचं आहे. हिवाळ्यात स्कीवाले पाहुणे वरच्या डोंगरावरून याच कुरणातून गावात उतरतात. हा त्यांच्या उताराचा शेवटचा टप्पा. इथवर येईतो मांड्या भरून आलेल्या असल्यामुळे पुष्कळ जण अर्जदाराच्या कुंपणात येऊन पडतात. त्याबद्दल तक्रार नाही. पडलेल्याला उठवायचं, अंगावरचा बर्फ झटकायचा आणि पिठाच्या गोळ्यांचा गरम रस्सा पुढे ठेवायचा, हे या घरात तीन पिढ्या चालत आलेलं आहे.

२. सदर कुरणाबाबत अर्जदाराचे पती कै. क्विरिन आणि हिंटरफेल्ड रोपवे कंपनी यांच्यात करार झालेला आहे. त्यात लिहिलं आहे की, कंपनीने कुरण वापरावं ते ‘पहिल्या बर्फापासून गवताला घंटा होईपर्यंत’. आपल्या शाखेत शहरातून नव्याने आलेल्या मंडळींसाठी सांगणं भाग आहे की, आमच्या खोऱ्यात जॉर्ज संताच्या दिवशी घराघरातली माणसं गाईची मोठी घंटा कमरेला बांधून आपापल्या कुरणात जातात आणि एका ओळीत, पाय आपटत, वरून खाली वाजवत येतात. त्याने गवत जागं होतं. त्या घटकेपासून हिवाळा संपला, आणि जमीन गवताची झाली. करार लिहिला तेव्हा कंपनीचा माणूस म्हणाला होता, “तारीखच घालू या ना सरळ.” त्यावर क्विरिन म्हणाले होते, “तारीख कॅलेंडरात असते, साहेब. हिवाळा कुरणात असतो. तो गेल्याचं कुरणालाच सांगावं लागतं.” कंपनीचा माणूस हसला, आणि त्याने सही केली. त्या वेळी कंपनीतसुद्धा गावचीच माणसं होती.

घंटा बांधून उतरताना आमच्याकडे जे म्हणतात, ते अर्जाच्या नियमात बसत नसलं तरी नोंदीसाठी लिहिते :

ऊठ ऊठ गवतराया, डोंगरी ऊन आलं
करड्या माझ्या गाईनं, दार शिंगानं लोटलं

३. पूर्वी आभाळातून पडेल तेवढाच बर्फ कुरणावर असे. तो हलका असतो, साहेब. पिंजलेल्या लोकरीसारखा. त्याच्याखाली माती उबेत राहते, मुळं कूस बदलत पडून राहतात. आता डिसेंबरात पाऊस पडतो आणि बर्फ पाण्याचे फवारे उडवणाऱ्या तोफांनी पाडावा लागतो. हा तोफेचा बर्फ जड, दाट, आणि त्यावरून रोज रात्री दाबयंत्र फिरल्यावर खाली काचेसारखा थर धरतो. हवा आत जात नाही. शेजारी ओस्वाल्ड प्राख्ट, ज्यांना सगळं गाव ओस्वाल्डमामा म्हणतं, त्यांनी यावर एक ओवी रचलेली आहे आणि ती ते कंपनीच्या माणसांना पाहून मुद्दाम मोठ्याने म्हणतात :

आभाळाचं पांघरूण, ऊन येता विरघळे
माणसाचं पांघरूण, गवताचा गळा आवळे

कंपनीने त्यांच्यावर अद्याप तक्रार केलेली नाही. आवाज बरा नाही, त्यामुळे शब्द कळत नसावेत.

४. या जड पांघरुणाखाली गवताला करडी बुरशी लागते. बर्फ सरल्यावर कुरण धुतलेल्या मांजरासारखं दिसतं : चप्प, ओशाळलेलं, अंगाला चिकटलेलं. जिथे बर्फ पातळ होता तिथे दाबयंत्राच्या दात्यांनी मातीची सालटी काढलेली असतात, आणि ती माती मे महिन्यातल्या पहिल्या सरीला ओढ्यात जाते. शिवाय हा बर्फ कंपनीने डोंगरावर खणलेल्या तळ्याच्या पाण्याचा. आभाळाच्या बर्फात काही नसतं. तळ्याच्या पाण्यात डोंगराचा चुना आणि खालचा गाळ असतो, आणि तो दर वर्षी कुरणाला न मागता खत म्हणून मिळतो. खत चांगलंच, असं आपण म्हणाल. पण आमचं कुरण गरीब म्हणूनच फुलांनी श्रीमंत होतं. पिवळी आर्निका, घंटीची निळी फुलं, रानओवा, सगळं इथे होतं. आता पोटभर खाऊन माजलेलं रानटी पानच तेवढं उभं राहतं, आणि गाय त्याला तोंड लावत नाही. अर्जदाराच्या सासूबाई दूध चाखून सांगत, आज गाई चर्चच्या बाजूला चरल्या की ओढ्याच्या. आज त्या असत्या, तर म्हणाल्या असत्या, आज गाई कचेरीत चरल्या.

आणि ते तळं भरतं अर्जदाराच्या घरामागच्या झऱ्यावरून, ज्याच्या नावावरून घराचं नाव पडलं. कंपनीचा पाइप झऱ्याच्या वरच्या अंगाला आहे. थंडी पडली की तोफा लागतात, तोफा लागल्या की पंप लागतो. जानेवारीत गोठ्यातल्या लाकडी डोणीत पडणारी धार आधी करंगळीएवढी झाली, मग सुतळीएवढी, मग नुसती ओल राहिली. तेव्हापासून अर्जदार गाईंना कॅनने पाणी वाहते. हे वाक्य ध्यानात ठेवावं, ही विनंती. कलम ९ मध्ये याचं काम आहे.

५. गेल्या वर्षी जे घडलं, त्याचा कंपनी वारंवार आधार घेते. म्हणून ते लपवण्यात अर्थ नाही. जॉर्ज संताच्या दिवशी दाट धुकं होतं. कुरणावर अजून बर्फ. आम्ही ओळीने घंटा वाजवत उतरलो; पुढे ओस्वाल्डमामा, मागे बाकीचे, त्यात अर्जदारही. खाली आल्यावर मामांच्या पायाला मऊ लागलं, त्यांनी वाकून पाहिलं तर हिरवं. ते ओरडले, “अरे, इथे बर्फ सरलाय! गवत वर आलंय! इथे जोरात वाजवा रे!” आम्ही सगळे भोवती गोल करून बराच वेळ जिवाच्या आकांताने वाजवत राहिलो. धुकं उठलं तेव्हा कळलं, आम्ही रोपवेच्या ठाण्यासमोर उभे होतो आणि पाहुण्यांनी स्की काढून चालावं म्हणून कंपनीने तिथे प्लॅस्टिकचा हिरवा गालिचा अंथरला होता.

पुढे सगळा उन्हाळा बाजारात, चर्चच्या पायरीवर, जिथे जाईन तिथे एकच विचारणा : “काय बुर्गी, प्लॅस्टिकचं गवत किती गाड्या झालं?” ओस्वाल्डमामांनी तर खानावळीत जाणंच सोडलं होतं. परत गेले तेव्हा मालकिणीने त्यांच्यापुढे हिरवा हातरुमाल अंथरला.

खऱ्या कुरणात त्या वर्षी गवत उशिरा आणि निम्मंच आलं. बर्फाआड घंटा ऐकू न आल्यामुळे की बर्फाच्या ओझ्यामुळे, यावर अर्जदार आपल्याशी वाद घालणार नाही. दोन्हीचं कारण एकच आहे.

६. आता कंपनीने आपल्याकडे कळवलं आहे की, घंटावाल्यांच्या चालण्याने ‘बर्फाच्या पृष्ठभागास बाधा पोचते’, घंटांचा आवाज ‘पाहुण्यांच्या विश्रांतीस हानिकारक’ आहे, आणि गेल्या वर्षी ‘सर्वसंमतीने’ घंटा कंपनीच्या गालिच्यावर झाल्याने विधीची जागा बदललेली आहे. त्यावर आपण नोटीस काढलीत : १२ मेपर्यंत, म्हणजे वाढवलेला हंगाम संपेपर्यंत, सदर कुरणावर कोणाही व्यक्तीने घंटा वाजवू नये.

लगेच चार दिवसांनी अर्जदारास कंपनीचं पत्र आलं. त्याचा मथितार्थ असा : करारानुसार आमचा वापर गवताला घंटा होईपर्यंत आहे, सरकारी नोटिशीनुसार घंटा होऊ शकत नाही, सबब आमचा वापर चालू आहे. १२ मेनंतर काय, हेही त्याच पत्रात आहे. उरलेला बर्फ कुरणावरच एकत्र लोटून, पांढऱ्या जाड कापडाने झाकून, पुढच्या हिवाळ्यासाठी उन्हाळाभर राखून ठेवणार. हा अतिशय टिकाऊ व पर्यावरणस्नेही उपाय आहे, असंही त्यांनी लिहिलं आहे.

म्हणजे साहेब, हिवाळा संपवायला घंटा लागते आणि घंटेला बंदी हिवाळा चालू आहे म्हणून. अर्जदाराने हे वाक्य तीनदा वाचलं, चौथ्यांदा गाईंना वाचून दाखवलं. त्यांनी रवंथ थांबवला.

यात अर्जदाराचं काय जाणार, ते एका ओळीत लिहिते. या कुरणाचं गवत नाही, तर हिवाळ्याची वैरण नाही. वैरण नाही, तर ऑक्टोबरात गोठा विकायचा. क्विरिन यांच्या हातच्या गाईंची ही चौथी वीण आहे. विकायला काढलेल्या गोठ्यात परत गाय बांधल्याचं या खोऱ्यात कुणी पाहिलेलं नाही.

एक गोष्ट राहिली. कंपनीने १२ मेच्या समारोपाची पत्रकं गावभर वाटली आहेत. गालिच्यावर मोठं स्टेज, भिंतीएवढे भोंगे, आणि कार्यक्रमपत्रिकेत सायंकाळी पाच वाजता : ‘गवत जागं करण्याचा पारंपरिक सोहळा (पाहुण्यांनाही घंटा मिळतील)’. त्या आवाजाची परवानगी आपल्याच शाखेने दिलेली आहे. अर्जदाराच्या घंटेने विश्रांती मोडते आणि भोंग्यांनी झोप लागते, असा निष्कर्ष यातून निघतो.

७. दि. ११ एप्रिलच्या पाहणीबाबत. आपण स्वतः आलात, याबद्दल आभार. आपल्या पायांत शहरी बूट होते आणि कुंपणापाशी आपण गुडघ्यापर्यंत रुतलात. अर्जदाराने आपल्याला क्विरिन यांचे बूट दिले. ते आपल्याला नेमके बसले. आपण ते घालूनच परत गेलात. असो, त्याबाबत शेवटी.

पाहणीच्या इतिवृत्तात आपल्या लेखनिकाने ‘उभय पक्षांत चर्चा झाली’ एवढंच लिहिलं आहे. चर्चा अशी झाली होती. कंपनीचे व्यवस्थापक श्री. फाबिआन रीडल हसत म्हणाले, “काकू, खरं सांगा, गवताला कान असतात का हो?”

अर्जदार म्हणाली, “नसतील. कान तुमच्या पाहुण्यांना आहेत, म्हणून तर नोटीस आली. मग गवताने कुणाचं घोडं मारलंय?”

लेखनिकाने विचारलं, “घंटा प्रत्यक्ष असायलाच हवी का? मोबाइलवर आवाज लावून, हळू ठेवून, नाही का चालणार?”

यावर ओस्वाल्डमामा म्हणाले, “चालेल की. तुम्हीपण मोबाइलवर रस्सा बघा आणि जेवलो म्हणून लिहा.”

मग आपल्या सांगण्यावरून मामांनी कुरणाबाहेर उभं राहून घंटा वाजवली आणि लेखनिकाने आवाजाचं यंत्र समोर धरून आकडा लिहून घेतला. मामांनी विचारलं, “आणि साहेब, रात्रभर डोंगरावर तोफा घुरघुरतात, तेव्हा हे तुमचं यंत्र कुठं असतं? झोपलेलं? त्यालाही घंटा वाजवून उठवायचं का?” श्री. रीडल म्हणाले, तोफा तक्रारीचा विषय नाहीत. पण आपण खाली वाकलात, हातमोजा काढलात, बर्फाच्या कडेला बोटं खुपसून खालचं चिकट, वासमारं गवत उचललंत आणि नाकाशी नेलंत. आपण वास घेतलात, साहेब. लेखनिकाने ते लिहिलं नाही. अर्जदार लिहून ठेवते.

८. अर्जदार स्कीच्या विरोधात आहे, असा अहवाल कंपनीने दिल्याचं कळतं. ते असत्य आहे. अर्जदार चालायला आणि घसरायला एकाच हिवाळ्यात शिकली. वरच्या दोन खोल्यांत पाहुणे राहतात, त्यांच्या पैशाने छप्पर शाकारलं. आणि अर्जदाराचा मुलगा कासियान हा त्याच कंपनीत रात्रपाळीला दाबयंत्र चालवतो. आईच्या कुरणावर बर्फ दाबायचा पगार मुलाला मिळतो, हे गावाला ठाऊक आहे. आपल्यालाही असू द्यावं. तेव्हा डोंगर बंद करा, अशी मागणी नाही. मागणी आहे ती अशी :

जिथे थंडी अजून टिकते त्या मधल्या ठाण्यापर्यंतच कंपनीने तोफेचा बर्फ घालावा. खालचा, गावात उतरणारा टप्पा आभाळाने बर्फ दिला तरच उघडावा; नाही दिला, तर पाहुण्यांनी रोपवेच्या डब्यात बसून खाली यावं. अर्जदाराकडे दर वर्षी उतरणारे हॉलंडचे श्री. डी फ्रीस यांना विचारलं, तर ते म्हणाले, “काकू, डब्यात बसून येऊ की! शेवटच्या उतारावर मी तसाही स्कीपेक्षा पाठीवरच जास्त उतरतो. पण तुमचा रस्सा मिळेल ना?” झऱ्याच्या डोणीत धार आहे तोवरच पंप चालावा; गाईचं पाणी आधी, तोफेचं नंतर. गाड्यांची रांग लागते त्या शनिवारी कंपनीने स्टेशनापासून बस सोडावी. पाहुणे स्की खांद्यावर घेऊन रेल्वेने येत होते, ते पाहिलेली माणसं अजून जिवंत आहेत. रानकोंबडे बर्फात भोक करून झोपतात, त्या झुडपांतून रात्री दिवे लावून कुणाला घसरायला नेऊ नये. एप्रिलात तोफ नको. आणि हंगाम कधी संपला, ते घंटेने सांगावं, पत्रकाने नव्हे.

यात कुणाचं पोट मारलं जात नाही. उलट हेच राहिलं तर हिवाळी खेळ राहतील. आईचा पदर फाडून मुलाला शिवलेला सदरा किती दिवस पुरणार?

९. उपरोक्त सर्व मान्य न झाल्यास, दि. २४ एप्रिल रोजी काय घडेल, ते कायद्याला धरून कळविण्यात येते :

अ) आपल्या नोटिशीचा मान राखून अर्जदार, ओस्वाल्डमामा किंवा गावातली कोणतीही व्यक्ती त्या दिवशी कुरणावर घंटा वाजवणार नाही. अर्जदार कुंपणाबाहेर हाताची घडी घालून उभी राहील.

आ) गोठ्यातली डोण कंपनीच्या पंपामुळे कोरडी आहे (कलम ४). अर्जदाराच्या खांद्याला आता कॅन पेलवत नाही. सबब त्या दिवशी पहाटेपासून गाई स्वतः पाण्यावर जातील. पाणी आहे कुरणाच्या वरच्या टोकाला, चर्चमागच्या दगडी कुंडात, जिथवर कंपनीचा पाइप अद्याप पोचलेला नाही. करारात स्पष्ट लिहिलं आहे की, ‘मालकाच्या गुरांची पाण्याची वाट बारमाही मोकळी राहील’. ही ओळही क्विरिन यांनीच घालायला लावली होती.

इ) एका पाहुण्याची वासराशी टक्कर झाल्यानंतर आपल्याच कार्यालयाने आदेश काढला होता (संदर्भ ३) : स्कीच्या उतारावरून जाणाऱ्या प्रत्येक जनावराच्या गळ्यात लांबून ऐकू येईल अशी घंटा असलीच पाहिजे, नसल्यास मालकावर कारवाई होईल. सदर आदेश रद्द झाल्याचं अर्जदाराच्या ऐकिवात नाही. अर्जदार कायदा पाळणारी बाई आहे. म्हणून सर्व गाईंच्या गळ्यांत घंटा असतील, आणि लांबून ऐकू येतील याची विशेष खबरदारी घेतली जाईल.

ई) आपली ३ एप्रिलची नोटीस ‘कोणाही व्यक्तीने’ घंटा वाजवू नये, एवढंच म्हणते. गाय ही व्यक्ती आहे असं आपल्या शाखेचं मत असल्यास तिला वेगळी नोटीस बजावावी. नावं सोबत जोडली आहेत.

उ) ‘गवताला घंटा होईपर्यंत’, असं करारात आहे. घंटा कुणाच्या कमरेला असावी की कुणाच्या गळ्यात, ते त्यात लिहिलेलं नाही. गाई कुरणात वरून खाली उतरल्या की घंटा झाली. घंटा झाली की करारानुसार कंपनीचा वापर संपला. त्यानंतर कुरणावर एक मूठही बर्फ लोटून झाकला गेला, तर ते दुसऱ्याच्या शेतात बेकायदा सामान ठेवणं होईल, आणि अर्जदार ते फावड्याने उचलून कंपनीच्या गालिच्यावर नेऊन ठेवेल. एकटी पडणार नाही. फावडी गावात पुष्कळ आहेत.

१०. या अर्जाबद्दल कासियानला जबाबदार धरू नये. अर्ज लिहिताना तो समोर पाव आणि खारवलेलं मांस खात बसला होता, एवढाच त्याचा संबंध. अर्जदाराने त्याला विचारलं, “त्या पहाटे तुझी पाळी आहे का रे?”

तो म्हणाला, “आहे. पण आई, मला काही सांगू नकोस. यंत्रात बसलो की मला तसंही काही ऐकू येत नाही.”

थोड्या वेळाने ताट उचलताना तोच म्हणाला, “गाय आडवी आली तर मात्र यंत्र बंद करून दिवे विझवायचे, नाहीतर ती बुजते. एवढं मला शिकवलंय.”

“कंपनीने?”

“नाही गं. बाबांनी.”

११. इथवर ‘अर्जदार’ म्हणून लिहिलं. कचेरीत तशीच रीत आहे म्हणून. शेवटचं मात्र मी बोलते. साहेब, मी परवानगी मागायला हा अर्ज लिहायला घेतला होता. लिहिता लिहिता लक्षात आलं की, सूर्याने उगवावं का, हे कुणी अर्ज करून विचारत नाही. तेव्हा वरच्या विषयातली पहिली ओळ मंजूर करायची की नाही, ते आपण बघा. मी उत्तराची वाट पाहणार नाही.

आपल्याला एकच विनंती. त्या दिवशी पहाटे आपण यावं. पाहणीला नव्हे. क्विरिनचे बूट घालून, आमच्या कुंपणापाशी, माझ्या शेजारी उभं राहावं. लेखनिकाला झोपू द्यावं. गाई वरून उतरतील, बर्फ करकरेल, आणि त्याच्याखालच्या, आपण ज्याचा वास घेतलात त्याला, कुणीतरी हाक मारत येतंय एवढं ऐकू येईल. ते उठेल की नाही, मला खरंच माहीत नाही. पण हाक मारायची राहून गेली, असं त्याला वाटायला नको.

ऊठ ऊठ गवतराया, तुझी रे नीज सरली
सात गळ्यांची घंटा, तुझ्या उशाशी उतरली

कॉफी मिळेल. बूट परत आणले नाहीत तरी चालेल. पायांत असू द्यावेत.

कुणापुढे न वाकलेली, तरी आपली नम्र,

(सही)
नोटबुर्गा श्वाइगर
झऱ्याचं घर, मौजे हिंटरफेल्ड
दि. १७ एप्रिल

सोबत :
१) कराराची प्रत. ‘घंटा’ आणि ‘पाण्याची वाट’ या ओळींखाली पेन्सिलने रेघ मारली आहे. रेघ माझी, ओळी क्विरिनच्या.
२) जनावरांच्या घंटांबाबत आपल्या कार्यालयाचा आदेश. आपल्याकडे सापडत नसल्यास हीच प्रत ठेवून घ्यावी.
३) कुरणातल्या गवताची एक पेंडी, गेल्या वर्षाची. शेजारी तुलनेसाठी कंपनीच्या गालिच्याचा तुकडा. दोन्ही गाईपुढे ठेवून निकाल द्यावा.
४) नोटीस बजावायची झाल्यास गाईंची नावं : श्टेर्ना, फाल्का, ग्राउली, म्युझी, आल्मा, सासूबाईंची लाडकी रोझल. आणि एक वासरू, गेल्या आठवड्यातलं. त्याचं नाव अजून ठेवलेलं नाही. घंटा बांधली आहे.